सल्फेटने बसलेली लेड-ॲसिड बॅटरी आणि घरी बनवलेलं पल्स सर्किट

प्रश्न थोडक्यात असा आहे. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची, पाणी भरावी लागणारी बॅटरी काही महिने चार्ज न करता पडून राहिली. आता चार्जरला लावली की थोड्याच वेळात 'फुल' दाखवते आणि लोड टाकला की काही मिनिटांत बसते. ५५५ हा टायमर आयसी वापरून घरच्या घरी डीसल्फेटर (प्लेटांवरचं सल्फेट घालवण्यासाठी बॅटरीला विजेचे पल्स देणारं सर्किट) बनवला तर ती परत उभी राहील का? आणि बनवायचाच तर कुठले भाग, कुठल्या किमतींचे घ्यायचे?

उभी राहू शकते. पण सर्किट हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. बॅटरी कशामुळे बसली आहे हे आधी नक्की करणं, मग तिला अगदी कमी करंटवर बरेच दिवस चार्ज करणं आणि शेवटी ती खरंच सुधारली का हे लोड लावून मोजणं, यावर सगळं ठरतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजायचं साधन, हातात घ्या.

बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा पॉझिटिव्ह प्लेटवरचं लेड डायऑक्साइड आणि निगेटिव्ह प्लेटवरचं शिसं, दोन्हींचं लेड सल्फेट होतं. हा बिघाड नाही, बॅटरी चालते ती अशीच. ताजं सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं आणि चार्जिंग सुरू झालं की सहज मूळ रूपात परततं. बॅटरी डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिली की हे बारीक कण हळूहळू विरघळतात आणि शेजारच्या मोठ्या कणांवर जाऊन बसतात. मोठे कण आणखी मोठे होतात. तेवढ्याच वजनाच्या सल्फेटचा ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग खूपच कमी होतो, त्यामुळे ते विरघळायलाही तितकाच जास्त वेळ लागतो. त्यात लेड सल्फेट वीज वाहून नेत नाही. निगेटिव्ह प्लेटवर हा त्रास जास्त दिसतो.

चार्जर फसतो तो इथेच. आतला रोध वाढल्यामुळे थोडासा करंट गेला तरी टर्मिनलवरचा व्होल्टेज झपाट्याने चढतो. बहुतेक चार्जर व्होल्टेज बघूनच निर्णय घेतात, म्हणून ते काम झालं असं समजून थांबतात. प्रत्यक्षात प्लेटांमध्ये जवळजवळ काहीच गेलेलं नसतं.

आता तपासणी. बॅटरी चार्जरवरून काढा, निदान आठ-दहा तास तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास आणि रिकामी ११.८-११.९. त्यानंतर सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता हायड्रोमीटरने मोजून लिहून ठेवा. पूर्ण चार्जला ती १.२६५ ते १.२८० असायला हवी. सेलचा स्थिर व्होल्टेज म्हणजे घनतेत ०.८४५ मिळवून येणारा आकडा, हे सूत्र लक्षात ठेवा. घनता १.२६५ असेल तर सेल २.११ व्होल्टचा, आणि सहा सेल मिळून १२.६६. मीटर आणि हायड्रोमीटर यांचा हा मेळ बसला नाही तर कुठलातरी सेल वेगळं वागतोय, असं समजायचं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात घेतलेल्या मापांची तुलना करताना दर १० अंश सेल्सिअसला ०.००७ चा फरक धरा. ॲसिड गरम असेल तर मापात तेवढं मिळवायचं.

सहाही सेलची घनता सारखीच कमी आहे, समजा १.१५ ते १.१८, ॲसिड स्वच्छ आहे आणि चार्जर लावल्यावर व्होल्टेज पटकन १५ च्या वर जातो पण करंट जेमतेम वाहतो, तर ती सल्फेटची बॅटरी आहे. हिच्यावर मेहनत करायला हरकत नाही.

पाच सेल बरे आणि एकच पार पडलेला, विश्रांतीनंतर एकूण व्होल्टेज १०.५ च्या आसपास, आणि चार्जिंगच्या शेवटी बाकी सेलमध्ये बुडबुडे येतात पण त्या एकात येत नाहीत, तर तो सेल आतून शॉर्ट झालेला आहे. ॲसिड तपकिरी-काळपट गढूळ असेल तर पॉझिटिव्ह प्लेटवरचा माल झडला आहे. काहीही केलं तरी करंट शून्यच, तर आतला जोड तुटला असण्याची शक्यता मोठी. जुन्या बॅटरीत पॉझिटिव्ह ग्रिड (प्लेटचा शिशाचा सांगाडा) गंजून पोकळ झालेली असते, ती बाहेरून दिसत नाही पण लोडला कळते. यांपैकी कशावरही कुठलंच पल्स सर्किट चालत नाही. झडलेला माल परत प्लेटवर चिकटत नाही आणि गंजलेली ग्रिड पुन्हा शिसं होत नाही. डीसल्फेटर निरुपयोगी असतो असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो अशाच बॅटऱ्यांवर लावलेला असतो.

घनता कमी आहे म्हणून वरून ॲसिड घालू नका. हे कळकळीने सांगतो, कारण दुरुस्तीच्या नावाखाली हेच सर्वांत जास्त केलं जातं. सल्फेट कुठे पळालेलं नाही, ते प्लेटांमध्ये अडकलेलं आहे. बॅटरी सुधारू लागली की ते परत ॲसिडमध्ये येईल, आणि वरून घातलेलं ॲसिड त्यात मिळून घनता इतकी चढेल की ग्रिड आणि सेपरेटर (प्लेटांच्या मधले पडदे) दोन्ही खराब होतील. एप्सम सॉल्ट, तुरटी वगैरेंचंही तसंच. असे क्षार टाकल्यावर हायड्रोमीटरचा आकडा चढतो, पण ती चढण क्षारांची असते, चार्जची नसते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला आणि बाकीची पातळी चार्जिंग संपल्यावर भरा, नाहीतर ॲसिड वर उतू येतं.

आता सर्किट. रचना सोपी आहे. बॅटरीतूनच थोडी ऊर्जा घ्यायची, एका कॉइलमध्ये साठवायची आणि छोट्या जोरदार झटक्याने तिलाच परत द्यायची. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १ मिलिहेन्रीची चोक (हीसुद्धा कॉइलच), तिच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. त्याच टोकापासून पुढे २२० मायक्रोहेन्रीची मुख्य कॉइल. तिचं दुसरं टोक एन-चॅनल मॉस्फेटच्या (हा इथे इलेक्ट्रॉनिक स्विच; पाय तीन: ड्रेन, सोर्स, गेट) ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. ड्रेनपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे एक फास्ट डायोड, त्याची पट्टी पॉझिटिव्हच्या बाजूला. पॉवरचा भाग इतकाच.

मॉस्फेट ४७ मायक्रोसेकंद चालू राहिला की कॅपॅसिटरमधून कॉइलमधला करंट चढत जातो. १२ व्होल्ट गुणिले ४७ मायक्रोसेकंद भागिले २२० मायक्रोहेन्री, म्हणजे सुमारे २.६ अँपिअर. मॉस्फेट बंद झाला की कॉइलला तो करंट एकदम थांबवता येत नाही. ती डायोडमधून तो बॅटरीत ढकलते. पुढच्या काही शे मायक्रोसेकंदांत झटका ओसरतो आणि उरलेल्या वेळात चोकमधून कॅपॅसिटर शांतपणे पुन्हा भरतो. मोठी चोक मध्ये असल्यामुळे बॅटरीतून ऊर्जा हळू बाहेर येते आणि झटक्याने आत जाते.

ही वेळ ५५५ ठरवतो. पाय ४ आणि ८ सप्लायला, १ ग्राउंडला, ५ वरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. २ आणि ६ एकत्र जोडून त्यांच्यापासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड. सप्लायपासून पाय ७ पर्यंत ६.८ किलोओहम, ७ पासून ६ पर्यंत १५० किलोओहम आणि या दुसऱ्या रेझिस्टरला समांतर १एन४१४८ डायोड, पट्टी पाय ६ कडे. हा डायोड विसरलात तर आउटपुट जवळजवळ निम्मा वेळ चालूच राहील आणि मॉस्फेट, कॉइल दोन्ही तापतील. तो असला की चालू वेळ ०.६९३ गुणिले ६.८ किलोओहम गुणिले १० नॅनोफॅरड, म्हणजे ४७ मायक्रोसेकंद येते. डायोडमधल्या व्होल्टेजमुळे ती प्रत्यक्षात थोडी जास्त भरते. बंद वेळ साधारण १ मिलिसेकंद. फ्रिक्वेन्सी सव्वानऊशे हर्ट्झच्या आसपास येईल. सर्किट चालू झालं की कॉइलमधून बारीक शीळ ऐकू येते, ती हीच.

५५५ ला थेट बॅटरीवर लावू नका. मध्ये १०० ओहम अर्धा वॉट, आणि आयसीजवळ १५ व्होल्टचा झेनर व १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. पाय ३ पासून मॉस्फेटच्या गेटपर्यंत ३३ ओहम, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम. मॉस्फेट आयआरएफझेड४४एन चालतो, तो ५५ व्होल्टचा आहे. ड्रेन आणि सोर्समध्ये ३३ ते ३६ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेज अचानक उसळला तर तो दाबणारा) लावा. सर्किट चालू असताना बॅटरीचा क्लिप निसटला तर कॉइलमधली ऊर्जा जायला दुसरी वाट नसते आणि पहिला बळी आयसीचा किंवा मॉस्फेटचा जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. मॉस्फेट शॉर्ट झाला तर दोन्ही कॉइल थेट बॅटरीवर शॉर्ट होतात, आणि अशा बॅटरीतही वायर जाळण्याइतका करंट असतो.

भाग निवडताना तीन ठिकाणी कंजुषी नको. मुख्य कॉइल ५ अँपिअरला सॅच्युरेट न होणारी, म्हणजे तेवढ्या करंटलाही इंडक्टन्स टिकवणारी हवी. बंद पडलेल्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगवर जाड तार गुंडाळून ती बनते, पण इंडक्टन्स मोजून घ्या. कॅपॅसिटर लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला), ३५ व्होल्टचा घ्या. साधा कॅपॅसिटर या झटक्यांनी तापतो आणि काही आठवड्यांत फुगतो. डायोड १एन५८२२ सारखा शॉटकी किंवा तितकाच जलद घ्या. १एन४००७ किंवा १एन५४०८ हे मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी केलेले डायोड इथे नकोत.

चौथी गोष्ट फुकटात होते आणि तीच दुर्लक्षित राहते, ती म्हणजे वायरची लांबी. सरळ वायरचा इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतो. २.६ अँपिअर १०० नॅनोसेकंदांत बदलायचे तर एक मीटर वायरमध्येच २६ व्होल्ट खर्च होतात. तेव्हा झटक्याची तीक्ष्ण कड बॅटरीपर्यंत पोचतच नाही. सर्किट टर्मिनलच्या शेजारी बसवा आणि दोन्ही वायर जाड, वीतभरच लांब, एकमेकींना चिकटून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना पॉझिटिव्ह वायरमध्ये १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घाला आणि चांगल्या बॅटरीवर लावा. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. विझलेला किंवा अगदी मंद राहिला तर बल्ब काढून सरळ जोडा. अर्ध्या तासाने मॉस्फेट कोमट असावा, हात लावता येऊ नये इतका गरम नको.

हे सर्किट बॅटरी चार्ज करत नाही. परत जाणारी ऊर्जा घेतलेल्या ऊर्जेपेक्षा नेहमी कमीच असते. फरक ५० ते ८० मिलीअँपिअरचा पडतो, म्हणजे दिवसाला सव्वा ते दोन अँपिअर-तास. बसलेल्या बॅटरीला ते एकटंच लावून ठेवलं तर ती आणखी खाली जाईल आणि सल्फेट वाढेल. शिवाय व्होल्टेज ९-१० च्या खाली असेल तर मॉस्फेटचा गेट नीट उघडतच नाही. सोबत चार्जर हवाच, आणि माझ्या मते खरं काम तोच करतो.

लेड सल्फेटच्या स्फटिकाची एक ठरावीक रेझोनन्स फ्रिक्वेन्सी असते, ती गाठली की तो फुटतो, असं स्पष्टीकरण खूप फिरतं. मी ते मानत नाही. स्फटिक फुटून उपयोग नाही, तो विरघळायला हवा, आणि विरघळण्याचा वेग त्याच्या पृष्ठभागावर आणि ॲसिडमधल्या सल्फेटच्या विद्राव्यतेवर ठरतो. शिवाय प्लेटांच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठवण्याची क्षमता बरीच मोठी असते, त्यामुळे छोट्या पल्सचा मोठा हिस्सा तिथेच मुरतो. पल्सने क्षणभर जास्त दाब मिळतो आणि सरासरी करंट कमीच राहतो, म्हणून फार गॅस किंवा उष्णता होत नाही. एवढा फायदा मला पटतो. ७ ते ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो जाणवण्याची शक्यता जास्त. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २.६ अँपिअरचे झटके म्हणजे फारच थोडं. शंका असेल तर सारख्या वयाच्या, सारख्या बसलेल्या दोन बॅटऱ्या घ्या, दोन्हींना सारखाच मंद करंट द्या आणि पल्स एकीलाच लावा. घनता रोज लिहा. ती वही कुठल्याही वादापेक्षा जास्त सांगेल.

मंद करंट म्हणजे क्षमतेच्या १ ते २ टक्के. १५० अँपिअर-तासांना दीड ते ३ अँपिअर, ३५ ला ०.३५ ते ०.७. करंट आणि व्होल्टेज दोन्ही मर्यादित करता येणारा बेंच सप्लाय यासाठी उत्तम. पाण्याच्या बॅटरीला व्होल्टेजची कमाल १६ ठेवा, आणि त्या काळात इन्व्हर्टर किंवा गाडीचं वायरिंग पूर्ण सोडवून ठेवा. १६ व्होल्ट त्यांच्यासाठी नाहीत. सुरुवातीला १६ व्होल्टवर १०० मिलीअँपिअरही जाणार नाहीत, तरी घाई करू नका. सप्लाय आणि बॅटरीच्या मध्ये आणखी एक १ मिलिहेन्रीची चोक घाला, कारण सप्लायच्या आउटपुटमधले मोठे कॅपॅसिटर तुमचे पल्स गिळून टाकतात. ही चोक चार्जिंगचा पूर्ण करंट पेलणारी हवी.

ट्रान्सफॉर्मर न वापरता मेन्सला थेट कॅपॅसिटर आणि ब्रिज लावून केलेले 'डीसल्फेटर' बनवू नका. त्यांत बॅटरीचं प्रत्येक टर्मिनल मेन्सला जोडलेलं असतं. ओल्या हाताने घनता मोजायला गेलेला माणूस त्यात मरू शकतो.

सुधारणा सुरू झाल्याची पहिली खूण थोडी उलटी वाटते. त्याच करंटवर चार्जिंगचा व्होल्टेज खाली येतो. १६ ला टेकलेला आकडा १५, मग १४ च्या घरात उतरतो, कारण रोध कमी होतोय आणि करंट आता प्लेटांत शिरतोय. त्यानंतर घनता हलायला लागते. ऑसिलोस्कोप असेल तर टर्मिनलवर पल्सची उंची बघा. आतला रोध १ ओहम असेल तर २.६ अँपिअरला उंची २.६ व्होल्ट येते, आणि चांगल्या बॅटरीत ती दशांश व्होल्टच्याही खाली जाते. स्कोप नसेल तर १एन४१४८, १०० नॅनोफॅरड आणि १ मेगाओहम यांचा छोटा पीक डिटेक्टर (पल्सचा सर्वांत वरचा व्होल्टेज धरून ठेवणारा) टर्मिनलवरच जोडा आणि साध्या मीटरने वाचा. आकड्यापेक्षा तो रोज कसा उतरतोय ते महत्त्वाचं.

दोन-तीन आठवडे लागतात. मध्येच आठवड्यातून एकदा बॅटरी हलक्या लोडवर थोडी उतरवून पुन्हा चार्ज केली तर फायदा होतो. सलग दहा-बारा दिवस घनतेत काहीच फरक नाही, तर ती तिथेच थांबणार आहे. सहाही सेलची घनता तीन-चार तासांच्या अंतराने घेतलेल्या मापांत स्थिर झाली की चार्ज पूर्ण.

हे सगळं मोकळ्या हवेत करा. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. क्लिप आधी लावा, सप्लाय नंतर चालू करा, आणि काढताना उलट क्रम. डोळ्यांवर गॉगल, हातातली अंगठी-कडं काढून ठेवलेलं, शेजारी खाण्याच्या सोड्याचं पाणी. बॅटरी ५० अंशांवर गेली तर बंद करा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तरीही लगेच बंद करा आणि खोलीतून बाहेर पडा.

सीलबंद बॅटरीला हीच कृती लागू नाही. तिच्यात १६ व्होल्ट दिले तर गॅस व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि पाणी परत येत नाही. तिथे १४.४ ते १४.७ ची मर्यादा, तेवढाच मंद करंट आणि जास्त दिवस. यूपीएसमधल्या अशा छोट्या बॅटऱ्या बहुतेक वेळा सुकलेल्या असतात, सल्फेट दुय्यम असतं, त्यामुळे अपेक्षा कमी ठेवा.

शेवटी मोजमाप. व्होल्टेज १२.७ आला म्हणून बॅटरी सुधारली असं होत नाही. पूर्ण चार्ज करून, रात्रभर विश्रांती देऊन, क्षमतेच्या विसाव्या भागाइतका लोड लावा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तो १.७५ अँपिअर होतो, म्हणजे नेमका एक २१ वॉटचा बल्ब. व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत किती तास लागले ते मोजा. करंट गुणिले तास ही तुमची खरी क्षमता. १०.५ ला लोड काढा आणि त्याच दिवशी परत चार्जला लावा. लिहिलेल्या क्षमतेच्या ६०-७० टक्के मिळाले तर हलक्या कामाला ती चांगली आहे. ८० च्या वर आली तर इन्व्हर्टरला परत जोडा. निम्म्याच्याही खाली राहिली तर ही कृती आणखी एकदा करून बघा, आणि तरीही तिथेच अडली तर ॲसिड न ओतता, तशीच बंद अवस्थेत, जुन्या बॅटऱ्या अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्या. तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा नव्या प्लेटांत वापरलं जातं.